पट्टी किती वेळ ठेवायची

मनमाड,
१४ ऑक्टोबर २०२४

अंजलीबाई यांना,

जयभीम. तुम्ही मला ओळखत नाही आणि मीही तुम्हाला ओळखत नाही. माझं नाव वत्सला पगारे. रेल्वेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते, म्हणजे लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम. चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. तुमचा पत्ता मला एका वहीच्या शेवटच्या पानावर सापडला.

वही माझ्या मुलाची आहे. मनोज, वय सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी तो घरातून गेला. दिंडोरीकडे द्राक्षाची कलमं भरणाऱ्या टोळीत आहे, एवढंच कानावर होतं. मागच्या मंगळवारी त्या टोळीची मुकादम कुसाबाई एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "तुमच्या लेकीची पेटी हाय. पोर तापानं फणफणली व्हती, तिला नाशकाला नेली. खोली रिकामी करायची व्हती, म्हून आणली." मी म्हटलं, मला लेक नाही. तिने झाकण उघडून आतल्या बाजूला लिहिलेला माझा पत्ता दाखवला. मी पेटी ठेवून घेतली. बाई एवढ्या लांबून आली होती, तिला चहा विचारायचंही राहून गेलं.

पेटीत दोन पंजाबी ड्रेस, हातात मावेल एवढा आरसा आणि माझ्याच कपाटातली मलमाची ट्यूब होती. ट्यूबची मुदत २०२१ साली संपलेली. शिवाय कलमाला गुंडाळतात त्या प्लास्टिकच्या पट्टीचं रीळ होतं. कापलेल्या एका तुकड्यावर वाळलेलं रक्त होतं. आणि ही वही. तिच्यात तुमच्या मोबाइलवरच्या गटातला म्हणून पानंच्या पानं इंग्रजी मजकूर उतरवलेला, एकेक अक्षर सुटं सुटं, पहिलीतल्या पोरासारखं. वर पेन्सिलने मराठी अंदाज. 'टेप'वर 'पट्टी', 'स्किन'वर 'कातडी'. 'ब्रीदेबल'वर नुसतं प्रश्नचिन्ह.

मी ड्रेसर आहे. कुठे बांधलं असेल आणि कशासाठी, ते मला कळलं. तुमच्या मोबाइलवरच्या गटाने माझ्या पोराला स्वतःचं शरीर आवळून बांधायला शिकवलं. त्याने मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

तो कुठल्या दवाखान्यात आहे ते उलट टपाली कळवा. फोन करू नका, मला फोनवर भांडता येत नाही.

वत्सला पगारे


नाशिकरोड,
१९ ऑक्टोबर २०२४

वत्सलाबाई,

जयभीम. तुमचं पत्र काल लॅबमधून घरी आल्यावर वाचलं. मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते. इतकं रागावलेलं पत्र इतक्या स्वच्छ अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिलं.

आधी एक गोष्ट. तुम्ही लिहिलेलं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. आमच्यासाठी ती साक्षी आहे, गटात आल्या दिवसापासून. गटाचं नाव 'ओसरी'. मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि बाई म्हणून जगणाऱ्या आम्ही चारशेजणी तिथे आहोत. कुणी मालेगावची, कुणी सटाण्याची, एक तर तुमच्या गावातलीच. कुणाला कुठे भाड्याने खोली मिळेल, कुठला डॉक्टर नीट बोलतो, हे आम्ही एकमेकींना विचारतो, कारण दुसरीकडे विचारायची सोय नसते.

तुम्ही ज्याबद्दल लिहिलंय त्याला आम्ही टकिंग म्हणतो. ड्रेस सपाट बसावा, चालताना कुणाची नजर खाली जाऊ नये, म्हणून पुढचा भाग मागे घेऊन अंगाबरोबरच्या कपड्यात ठेवायचा. काहीजणी ते आवडीने करतात. एसटीत, बाजारात, कामाच्या जागी वावरणाऱ्या बहुतेकजणी भीतीने करतात. हे आम्ही कुणाला शिकवत नाही, जी करणार ती करतेच. तिने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून गटाच्या सगळ्यात वर एक मोठी सूचना लावलेली आहे. साधी चिकटपट्टी नको, फार वेळ नको, दुखलं तर लगेच सोडा, सगळं त्यात आहे. प्लास्टिकच्या पट्टीचं आम्ही कधीच कुणाला सांगितलेलं नाही. साक्षीने याबद्दल गटात काही विचारल्याचं मला आठवत नाही.

माझा पत्ता तिच्याकडे कसा, तेही सांगते. दिवाळीला आम्ही एकमेकींना पोस्टकार्डं पाठवतो. मजकूर काहीही असो, पत्त्यावर तिने निवडलेलं नाव ठळक लिहायचं, एवढा एकच नियम. वर्षातून एकदा तरी पोस्टमनने आपल्याला त्या नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी.

ती कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. माफ करा.

अंजली


मनमाड,
२३ ऑक्टोबर २०२४

अंजलीबाई,

जयभीम. 'माहीत नाही' असं तुम्ही लिहिलं नाही, 'सांगता येणार नाही' असं लिहिलंत. एकतीस वर्षं मी डॉक्टरांच्या अक्षरातले केसपेपर वाचले आहेत, त्यात काय लिहिलंय आणि काय लिहायचं टाळलंय ते मला दिसतं. म्हणजे जिवंत आहे. तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मी चार वेळा वाचलं आणि मग जेवले.

आता वहीचं पान चौदा. तारीख २ सप्टेंबर. वरच्या ओळीत त्याने स्वतःचा प्रश्न उतरवून ठेवलाय: "ताई, बारा तास खाली वाकून काम असतं. पट्टी किती वेळ ठेवायची?" खाली तुमचं नाव आणि तुमचं उत्तर: "वर लावलेलं वाच."

तीन शब्द. त्याच्या पुढच्या पानापासून ते इंग्रजी सुरू होतं. वर लावलेलं तो वाचत होता, अंजलीबाई. एकेक अक्षर उतरवून वाचत होता. तुमची ती मोठी सूचना मराठी माणसांच्या गटात इंग्रजीत का आहे, हे मला सांगा. नववीपर्यंत शिकलेलं पोर आहे.

भांडण बाजूला ठेवते, कारण जखम थांबत नाही. खालच्या गोष्टी बघा आणि मला कळवा. कातडी लाल आहे की काळपट. वास येतो का. हात लावलेला कळतो का. लघवीला आग होते का, पाठीत बरगड्यांखाली दुखतं का. जखमेवर डेटॉल ओतू नका, लोक हटकून ओततात. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, चोळू नका. पाणी भरपूर पाजा. कापूस लावू नका, तंतू आत राहतात, धुतलेलं सुती फडकं लावा.

तुमच्या घरी आहे का? मी येऊ का?

वत्सला पगारे


नाशिकरोड,
४ नोव्हेंबर २०२४

वत्सलामावशी,

न विचारता मावशी म्हणतेय. नको असेल तर खोडा.

दिवाळी गेली, उत्तराला उशीर झाला, खरं म्हणजे मी तो केला. तुमच्या पत्रातलं पान चौदा वाचलं आणि मोबाइल उघडून २ सप्टेंबरला मागे गेले. आहे तिथे. त्या दिवशी लॅबमध्ये डेंगीच्या रिपोर्टांचा ढीग होता. गटात साठेक मेसेज होते. तोच प्रश्न त्या आठवड्यात अकराजणींनी विचारला होता आणि अकराजणींना मी तेच तीन शब्द टाकले. मला आठवत नाही असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं नव्हतं. आणि तेच जास्त वाईट आहे.

सूचना इंग्रजीत का, तर ती परदेशातल्या एका गटाची उचललेली आहे. मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं. मी टायपिस्ट, मला दोन्ही भाषा येतात, एका रविवारचं काम. करते, करते म्हणत दोन वर्षं काढली. गटात सगळ्यांनी मला ताई म्हणावं हे मात्र मला फार आवडायचं.

ती माझ्याकडे आहे. दवाखान्यातून तिनेच मला फोन केला होता. पंधरा दिवस तिथे होती, २२ तारखेला घरी आणली. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ताप आता नाही. कातडी काळपट नाही, गुलाबी आहे, हात लावलेला कळतो. तुमच्या पत्राबरहुकूम मिठाचं पाणी करून दिलं तर तिने विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, नेटवर वाचलं. तिने पाण्यात बोट बुडवून कोमट आहे का ते बघितलं.

झालं कसं, ते तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. टोळीतल्या बायका तिला बाई म्हणूनच ओळखतात, त्यांच्यातच झोपायचं, त्यांच्यातच कपडे बदलायचे. कलम भरताना दिवसभर वेलीच्या बुडाशी उकिडवं बसायचं. साधा कपडा सरकायचा. औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी घामाने सुटायची. मग ही पट्टी तिच्या हातातच होती, दिवसाला चारशे कलमांना गुंडाळत होती. ती चिकटत नाही, ताणली की स्वतःवरच घट्ट बसते. मी विचारलं, अगं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाली, "ताई, कलमाचा डोळा इतका कोवळा असतो, नखाने मोडतो. त्याला ती पट्टी काही करत नाही. मला वाटलं मला काय करणार."

पहाटे बांधायची, अंधार पडल्यावर सोडायची. मध्ये सोडायला जागा नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. असे तीन आठवडे.

डॉक्टर म्हणाले, जानेवारी संपेपर्यंत काहीही बांधायचं नाही. ती मान हलवते. पण ड्रेस घालून गॅलरीत जायचं म्हटलं तरी ओढणी पोटाशी धरून उभी राहते.

आणि मावशी, एक लिहू की नको असं झालंय. तुम्ही लिहिलंत की तिने तुम्हाला कधी काही विचारलं नाही. ती म्हणते, एकदा विचारलं होतं.

तुम्ही आत्ता येऊ नका. तुमचं नाव काढलं तरी ती चपला शोधते. मी तुम्हाला लिहिते हे तिला अजून सांगितलेलं नाही. सूचना मराठीत केली आहे, सोबत जोडली आहे. तुम्ही तपासून द्याल का? मला आता माझा भरवसा नाही.

अंजली


मनमाड,
९ नोव्हेंबर २०२४

अंजली,

जयभीम. मावशी म्हण. मी आता अहो-जाहो करणार नाही.

विचारलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, जून महिना होता. मी संध्याकाळी भाकरी थापत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, चिकटपट्टी अंगाला किती वेळ ठेवलेली चालते?" मी म्हटलं, कुणाला लागलंय? म्हणाली, मित्राला. त्याआधी महिनाभर माझ्या कपाटातली पट्टी संपत होती. धुवायच्या कपड्यांत काय असतं ते मी बघत होते. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं कळत नाही असं कोण म्हणेल. मला सगळं कळलं होतं, आणि म्हणूनच मी मागे वळले नाही. तव्याकडे बघत म्हटलं, "असले प्रश्न या घरात विचारायचे नाहीत."

आठ दिवसांनी ती गेली. जाताना ती ट्यूब घेऊन गेली. मुदत बघायची असते हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

मी दवाखान्यात कुणाला म्हणून नाही विचारलं, की तुला ही जखम झाली कशी. दारू पिऊन पडलेला, बायकोने मारलेला, रुळावर जीव द्यायला गेलेला, सगळे माझ्या टेबलावर येऊन बसायचे आणि मी बांधून द्यायचे. लोक म्हणायचे, वत्सलाबाईंचा हात हलका. माझ्या पोरीला त्या हाताचा काही उपयोग झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या तीन शब्दांवर मी इतकी तुटून पडले, कारण माझे सहा होते.

तुझा मजकूर तपासला. टायपिंग चांगलं आहे, पण मराठी कचेरीतलं झालंय. 'रक्ताभिसरणात अडथळा' हे कलम भरणाऱ्या पोरीला काय कळणार? तिथे लिही: मुंग्या आल्या, बधिर वाटलं, रंग निळा-काळा दिसला, दुखलं, तर तिथल्या तिथे सोडा, काम गेलं चुलीत. 'दीर्घकाळ टाळावे' खोड. सहा तासांच्या वर नाही, आणि मध्ये लघवीला जाऊन यायचं, असं आकड्यात लिही. झोपताना कधीच नाही. पाणी कमी प्यायचं नाही, हे जाड अक्षरात. पुढचा भाग मागे जात नसेल तर जोर करायचा नाही. कातडी सोललेली असेल, पुरळ असेल, तर बरं होईपर्यंत बंद. पट्टीपेक्षा अंगाबरोबरची सुती चड्डी कधीही बरी, आणि पट्टीच हवी असेल तर फक्त औषधाच्या दुकानातली, कातडीसाठी केलेली, आणि काढताना तेल लावून सावकाश, ओढून नाही. शेतातली, विजेच्या कामाची, खोक्यांना लावायची, कुठलीच नाही. त्यांची नावं घालून लिही, कारण आपण नाव घेतलं नाही ते चालतं असं माणसाला वाटतं. आणि शेवटी लिही की ताप आला तर दवाखान्यात जा आणि खरं सांगा. समोरच्याने तोंड वाकडं केलं तरी सांगा.

हायड्रोसिलच्या ऑपरेशननंतर पेशंटला आम्ही कापडाची टी-पट्टी बांधायचो. तिने आधार मिळतो, आवळत नाही. तिच्यावरून मी एक चड्डी बेतली आहे. होजिअरीचं सुती कापड, पुढे दुहेरी, शिवण सगळी बाहेरून, म्हणजे आत काही घासणार नाही. चार शिवल्या आहेत. माप तीन वर्षांपूर्वीचं धरलंय. फेब्रुवारीपर्यंत तिने हात लावायचा नाही, नुसत्या ठेवून दे.

आणि एक पाकीट वेगळं रजिस्टर केलं आहे, तिच्या नावाने, तुझ्या पत्त्यावर. तुमचा दिवाळीचा नियम पाळला आहे. 'कुमारी साक्षी वत्सला पगारे.' पोस्टातल्या बाईने वाचून विचारलं, मुलगी का? मी हो म्हटलं. सोपं होतं. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिला सांग की मी लिहिते तुला. लपवाछपवी पुरे झाली.

वत्सलामावशी


नाशिकरोड,
२४ नोव्हेंबर २०२४

मावशी,

सूचना तुमच्या शब्दांत लावली. 'काम गेलं चुलीत' तसंच ठेवलं. आत्तापर्यंत गटात कुणी त्या सूचनेबद्दल एक शब्द बोललं नव्हतं, आता रोज कुणीतरी लिहितं. सटाण्याची झुंबर म्हणाली, "हे कोणी लिहिलंय? माझी आजी बोलल्यासारखं वाटलं." एकीने विचारलं की चड्डीचा बेत मिळेल का. तुम्ही काढून द्याल?

साक्षीला सांगितलं, सगळं. चपला घातल्या तिने. जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन बसली, पायात अजून दम नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला चालण्यासारखं होतं.

मग पोस्टमन आला. खालून ओरडला, "साक्षी पगारे कोण? सही पाहिजे." मी स्वयंपाकघरातच थांबले. तिने ओढणी न घेताच दार उघडलं आणि सही केली. पाकीट हातात घेऊन अर्धा तास बसली असेल. उघडलं नाही. आरशाच्या मागे खोचून ठेवलंय, पत्ता दिसेल असं.

मी चार-पाच दिवसांनी विचारलं, वाचायचं नाही का? म्हणाली, "पाकिटावर आई बरोबर आहे. आत कशी असेल सांगता येत नाही."

कपड्यांचं पार्सल मी उघडून तिच्यापुढे ठेवलं. एक हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं. "आईची टीप आहे, शेवटी दोनदा मागे नेते," म्हणाली, आणि घडी घालून परत ठेवली.

मावशी, आत काय लिहिलंय? मला सांगायला नको, पण ती विचारते तेव्हा मी काय सांगू? तिला धीर देऊ का?

अंजली


मनमाड,
२८ नोव्हेंबर २०२४

अंजली,

जयभीम. धीर देऊ नकोस. तिची भीती खरी आहे.

मी पाच पानं लिहिली होती. माफी मागितली आहे, ती मनापासून आहे. पण दुसऱ्या पानावर 'तू असं का केलंस' असं आलंय, चौथ्या पानावर 'तुझे वडील असते तर' असं आलंय. एके ठिकाणी जुनं नाव पडलं होतं, ते खोडलं, पण खोडलेलं उजेडात वाचता येतं. टाकायच्या आधी मी परत वाचलं होतं. तेव्हा मला ते सगळं मायेचं वाटलं. तुझं पत्र आल्यावर पाठ होतं तेवढं आठवून बघितलं, तर तो केसपेपर होता आणि सगळी चूक पेशंटच्या माथी मारलेली होती. तिला म्हणावं, उघडू नकोस.

तुला न सांगता एक केलं. १७ तारखेच्या रविवारी मी आले होते. नाशिकरोड स्टेशनावर उतरले, बाकावर बसले, डब्यात तिच्यासाठी बोंबलाची चटणी होती. बाहेर रिक्षावाले बोलावत होते. मला वाटलं, मी दारात गेले आणि तिने चपला शोधल्या, तर या वेळी ती पायात दम नसताना जाईल. परतीच्या गाडीने आले. शहाणपणा केला की भ्याले, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चटणी शेजारच्या सावित्रीबाईंना दिली.

चड्डीचा बेत कागदावर काढून सोबत ठेवला आहे, तीन मापांत. कुणालाही दे. माझं नाव घातलं तरी चालेल, आणि पत्ताही घाल. कुणाला जखमेबद्दल विचारायचं असेल तर मला लिहा म्हणावं. मी वाच म्हणणार नाही, लिहून पाठवीन.

आणि हे. पुढच्या गुरुवारपासून मी दर गुरुवारी तिला एक पाकीट टाकणार आहे. आत काही नसेल. हे तिला आधीच सांग, म्हणजे भीती नको. मला आत अजून नीट लिहिता येत नाही, शिकते आहे. तोपर्यंत पाकिटावरचं येतं तेवढं पाठवते.

तू जेवतेस ना वेळेवर? तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल कधी काही नसतं.

वत्सलामावशी


नाशिकरोड,
५ जानेवारी २०२५

आई,

अंजलीताई लॅबमध्ये गेली आहे. तिच्या टेबलावर बसून लिहितेय.

पाच पाकिटं आली. पोस्टमन आता खालून नाव ओरडत नाही, वर येऊन देतो, म्हणतो, "साक्षीताई, तुमचं आठवड्याचं." ताईने सांगितलं होतं की आत काही नसतं. तरी काल पाचवं आलं ते मी उघडून बघितलं. काही नव्हतं.

मग बाकीची चारही उघडली.

त्याआधी रजिस्टरने आलेलं जाड आहे ते तसंच आहे. ते उघडणार नाही, फाडणारही नाही. ताईने मला तुझी तिला आलेली पत्रं वाचायला दिली. तव्याचं वाचलं. आई, तू मागे वळली नाहीस ते मला माहीत आहे, पण त्या दिवशी मीही दारातच उभी होते. आत आले नव्हते. तू वळली असतीस तर मी बहुतेक पळालेच असते. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला राग आहेच. तीन वर्षं मी वहीत तुझा पत्ता लिहीत नव्हते आणि पेटीच्या झाकणात लिहून ठेवला होता, याचाही मला राग येतो.

कुसाबाईंचा फोन आला होता. माघात कामाला ये म्हणतात. मी अजून काही ठरवलं नाही. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "मला ठाव व्हतं. तू पानी पीत नव्हती तवाच बोलायला पायजे व्हतं मी." सगळ्यांनाच बोलायला पाहिजे होतं असं नंतर वाटतं.

आत लिहायला जमलं की लिही. एकच पान लिही. घाई नाही.

डॉक्टरांनी अजून महिना थांबायला सांगितलंय, म्हणून तुझी चड्डी घातलेली नाही, नुसती सलवारीवरून मापाला लावून बघितली. कापड मऊ आहे. पुढच्या वेळी शिवशील तेव्हा कमरेत दीड इंच कमी कर. मी वाळले आहे.

साक्षी